गाडी भाड्याने देताना कार्ड पेमेंट: डिपॉझिट कापायचं की नुसतं अडवून ठेवायचं?



सेल्फ ड्राइव्ह गाड्यांच्या व्हिडिओमध्ये आपण गाडी कोणती घ्यावी, हप्ता किती बसतो आणि महिन्यातले किती दिवस गाडी रस्त्यावर राहिली पाहिजे, याचं गणित मांडलं. आज त्याच धंद्यातला एक विषय सविस्तर बघू. तो म्हणजे काउंटरवर ग्राहकाने क्रेडिट कार्ड पुढे केलं की तुम्ही नेमकं काय करायचं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मशीनमध्ये कार्ड घालायचं, रक्कम टाकायची, स्लिप फाडायची. किराणा दुकानात ते ठीक आहे. तिथे ५०० रुपये आले आणि ५०० रुपयांचा माल गेला, व्यवहार संपला. गाडी भाड्याने देताना उलटं असतं. ग्राहक तीन दिवसांचे ७,५०० रुपये देतो आणि तुम्ही त्याच्या हातात ८ लाखांच्या गाडीची किल्ली देता. व्यवहार तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. टोल, चलान, कमी भरलेलं पेट्रोल, बंपरला गेलेला चरा, हे सगळं नंतर समोर येतं.

म्हणून या धंद्यात पैसे तीन प्रकारचे असतात. पहिलं भाडं, ते तुमचं उत्पन्न. दुसरं डिपॉझिट, ते ग्राहकाचे पैसे, फक्त तुमच्या सुरक्षिततेसाठी बाजूला ठेवलेले. तिसरे म्हणजे नंतर निघणारे खर्च, जे ग्राहकाकडून वसूल करायचे. हे तिन्ही एकाच स्वाइपमध्ये कोंबले की गोंधळ सुरू होतो. ते वेगळे कसे ठेवायचे, तेवढंच आज शिकायचं आहे.

आधी पाटी, मग मशीन

सेल्फ ड्राइव्हची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. गोव्यात तुम्ही अशा गाड्या रोज बघता. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं कायद्यात बसत नाही. १९८९ च्या रेंट-ए-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे. त्यामुळे दोन-चार गाड्यांवर सुरुवात करणाऱ्याने परवानाधारकाशी जोडून काम कसं करता येईल, हे आधी आपल्या आरटीओमध्ये विचारून घ्यावं.

याचा पेमेंटशी काय संबंध? थेट संबंध आहे. बँक किंवा पेमेंट कंपनी तुम्हाला मशीन देताना धंद्याची कागदपत्रं बघते आणि तुमच्या धंद्याला एक कोड लावते. त्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात. गाडी भाड्याने देणाऱ्यांचा कोड ७५१२ आहे, तर चालकासह टॅक्सीचा ४१२१. बऱ्याच वेळा मशीन बसवणारा मुलगा घाईत भलताच कोड टाकून जातो. कोड चुकीचा असेल तर पुढे जी सोय मी सांगणार आहे, ती बँक नाकारू शकते. त्यामुळे अर्ज भरतानाच कोड कोणता लावला ते विचारा आणि लेखी घ्या.

कार्ड स्वाइप झाल्यावर आत काय होतं?

ग्राहकाने पिन टाकला की तुमच्या बँकेकडून कार्डाच्या नेटवर्कमार्फत ग्राहकाच्या बँकेला विचारणा जाते: एवढी रक्कम आहे का? तिकडून होकार आला की मशीनवर ‘अप्रूव्ह्ड’ येतं. लक्षात घ्या, या क्षणी पैसे तुमच्या खात्यात आलेले नसतात. फक्त मंजुरी मिळालेली असते. पैसे कापण्याची सूचना नंतर जाते आणि मग साधारण पुढच्या कामाच्या दिवशी रक्कम तुमच्या खात्यात जमा होते.

मंजुरी आणि कापणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. हे वाक्य पक्कं डोक्यात ठेवा, कारण आपली सगळी युक्ती यावरच उभी आहे.

जमा होताना पूर्ण रक्कम येत नाही. बँक तिचा आकार कापते, त्याला एमडीआर म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही, तो तुमच्या करारात ठरतो. डेबिट कार्डाला मर्यादा आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय पेमेंट यांवर जानेवारी २०२० पासून एमडीआर नाही.

उदाहरणासाठी क्रेडिट कार्डाचा दर २ टक्के धरू. ७,५०० रुपये भाड्यावर १५० रुपये एमडीआर, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७ रुपये. एकूण १७७ रुपये गेले, हातात ७,३२३ आले. वहीत मात्र विक्री ७,५०० च लिहायची आणि १७७ रुपये खर्चात दाखवायचे. बरेच जण खात्यात आलेली रक्कमच विक्री म्हणून लिहितात आणि वर्षअखेरीला सीएसमोर हिशोब जुळत नाही.

डिपॉझिट स्वाइप करून घेतलं तर काय बिघडतं?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. समजा तुम्ही भाड्याव्यतिरिक्त १०,००० रुपये डिपॉझिट घेता. सोपा मार्ग म्हणून तेही साध्या विक्रीसारखंच स्वाइप केलं आणि गाडी परत आल्यावर रिफंड टाकला. यात तीन ठिकाणी मार बसतो.

पहिला मार शुल्काचा. १०,००० वर २ टक्के म्हणजे २०० रुपये, अधिक जीएसटी ३६. एकूण २३६ रुपये. तुम्ही पूर्ण रिफंड दिला तरी अनेक करारांमध्ये हे शुल्क परत मिळत नाही. महिन्याला २० बुकिंग धरा. ४,७२० रुपये झाले. वर्षाचे ५६,६४०. एका रुपयाचीही कमाई नसलेल्या व्यवहारावर एवढे पैसे गेले. दोन-तीन गाड्यांच्या धंद्यात ही रक्कम म्हणजे काही महिन्यांची सर्व्हिसिंग झाली.

दुसरा मार ग्राहकाच्या नाराजीचा. रिफंड टाकल्यावर तो कार्डावर दिसायला काही कामाचे दिवस लागतात. तोपर्यंत ग्राहक रोज फोन करतो, ‘माझे दहा हजार कुठे आहेत?’ तुम्ही रिफंड दिलेला असतो, पण त्याला दिसत नसतो. मग तो एक स्टार देऊन मोकळा होतो.

तिसरा मार सगळ्यात धोकादायक, आणि तो दिसतही नाही. डिपॉझिट तुमच्या खात्यात येऊन पडतं. महिन्याची पाच तारीख आली, गाडीचा हप्ता कापला गेला. कशातून? खात्यात होते त्या पैशांतून, म्हणजे ग्राहकांच्या डिपॉझिटमधून. सीझन जोरात असेपर्यंत हे चाक फिरत राहतं, कारण जुन्याचं डिपॉझिट नव्याच्या पैशांतून परत जातं. पावसाळ्यात बुकिंग मंदावलं की परत द्यायला पैसे नसतात. अनेक पेमेंट कंपन्या रिफंड तुमच्या पुढच्या जमा होणाऱ्या रकमेतून देतात. जमाच नसेल तर रिफंड अडकतो. धंदा नफ्यात असूनही माणूस अडचणीत येतो, तो असा.

जीएसटी कायद्याची भूमिकाही समजून घ्या. परत करायचं डिपॉझिट हे सेवेचा मोबदला धरलं जात नाही. जेव्हा तुम्ही ते भाड्यापोटी वळवून घेता, तेव्हाच ते मोबदला होतं. तुम्ही ते विक्री म्हणून मशीनवर घेतलंत तर कागद एक बोलतो आणि मशीन दुसरंच बोलतं.

उपाय: रक्कम कापू नका, अडवा

मंजुरी आणि कापणी वेगळ्या पायऱ्या आहेत, हे आपण बघितलं. याच फटीत ‘प्री-ऑथरायझेशन’ नावाची सोय बसते. काउंटरवर तिला सगळे ‘प्री-ऑथ’ किंवा ‘ब्लॉक’ म्हणतात. हॉटेलं चेक-इनच्या वेळी हेच करतात. परदेशात गाडी भाड्याने घेतलेल्या तुमच्या नातेवाइकांना विचारा. तिथल्या काउंटरवर गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, ते या ब्लॉकसाठी.

प्री-ऑथमध्ये ग्राहकाच्या क्रेडिट मर्यादेतले १०,००० रुपये अडवले जातात, पण कापले जात नाहीत. गाडी नीट परत आली की तुम्ही ब्लॉक सोडता. ग्राहकाच्या बिलात काहीच येत नाही, तुम्हाला शुल्क लागत नाही. नुकसान ३,००० चं असेल तर तेवढेच कापता आणि उरलेले सोडता. शुल्क फक्त ३,००० वर. डिपॉझिट तुमच्या खात्यात आलंच नाही, त्यामुळे त्यातून हप्ता भरला जाण्याचा प्रश्नच नाही.

ही सोय प्रत्येक मशीनवर आपोआप चालू नसते. बँकेला लेखी अर्ज करून मागावी लागते. अर्ज करताना हे चार प्रश्न विचारा:

१. ब्लॉक किती दिवस टिकतो? हे कार्डाच्या नेटवर्कवर आणि बँकेवर अवलंबून असतं. मुदत संपली की ब्लॉक आपोआप सुटतो. गाडी महिनाभरासाठी दिली असेल तर मध्येच ग्राहकाला बोलावून नवा ब्लॉक घ्यावा लागतो.

२. अडवलेल्या रकमेतला काही भागच कापता येतो का? बहुतेक ठिकाणी येतो, पण खात्री करा. अडवलेल्या रकमेपेक्षा जास्त कापता येईल असं मात्र कधीच गृहीत धरू नका.

३. ब्लॉक सोडायची पद्धत काय? नुसतं ‘काही केलं नाही’ म्हणजे सोडलं, असं नसतं. तसं केलंत तर मुदत संपेपर्यंत ग्राहकाची रक्कम अडकून राहते. मशीनवर रद्द करायची पायरी शिकून घ्या आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला शिकवा.

४. डेबिट कार्डावर ब्लॉक चालतो का? चालत असला तरी तिथे ग्राहकाच्या बचत खात्यातले खरे पैसे अडकतात. त्याने त्या पैशांवर सहलीचा खर्च ठरवलेला असेल तर वाद ठरलेलाच. त्यामुळे आधी सांगा, मग अडवा.

ग्राहकाकडे क्रेडिट कार्ड नसेल तर? आपल्याकडे असे ग्राहक भरपूर आहेत आणि त्यांना परत पाठवणं परवडणारं नाही. यूपीआयवर डिपॉझिट घ्या. बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर शुल्क नाही आणि रिफंडही लवकर जातो. यूपीआयमध्ये रक्कम अडवून ठेवायची सोय २०१८ पासून आहे, तुमच्या पेमेंट कंपनीकडे ती मिळते का विचारा. साधं यूपीआय डिपॉझिट घेत असाल तर एक नियम कडक पाळा: डिपॉझिटसाठी वेगळं बँक खातं. त्या खात्यातून हप्ता नाही, पगार नाही, डिझेल नाही. फक्त परतावा.

‘नंतर कापून घेऊ’ हे भारतात चालत नाही

परदेशातले व्हिडिओ बघून काही जणांना वाटतं की कार्डाचा नंबर आपल्याकडे आहे, चलान आलं की कापून घेऊ. भारतात दिलेल्या कार्डांवर असं होत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

एक, भारतीय कार्डाने ऑनलाइन पैसे घेताना ग्राहकाची दुसरी खात्री लागते, म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी. ओटीपी ग्राहकाच्या फोनवर जातो. तो घरी पोचलेला असतो आणि तुमचा फोन उचलत नसतो. दोन, १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवायला बंदी आहे. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं.

म्हणजे काय? किल्ली देण्याआधी घेतलेला ब्लॉक हीच तुमची हक्काची सोय. तो कापताना ग्राहकाचा पिन किंवा ओटीपी पुन्हा लागत नाही, आधीच्या मंजुरीच्या कोडवर काम होतं. किल्ली दिल्यानंतर मागायला गेलात तर सगळं ग्राहकाच्या मर्जीवर.

आता नंतरच्या खर्चांची पद्धत लावून घेऊ.

पेट्रोल आणि किलोमीटर: गाडी देताना आणि घेताना डॅशबोर्डचा फोटो काढा. काटा आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. हिशोब जागेवरच.

टोल: फास्टॅग तुमच्या नावावर असतो, कपात तुमच्या खात्यातून होते. गाडी परत आल्यावर फास्टॅगचं स्टेटमेंट ग्राहकासमोर उघडा. कधी एखादी कपात उशिरा दिसते, त्यामुळे ब्लॉक लगेच त्याच मिनिटाला सोडायची घाई करू नका. किती दिवसांनी सोडणार ते करारात आधीच लिहा आणि तो शब्द पाळा.

चलान: कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या मालकाच्या नावावर येतं आणि कधी कधी ब्लॉक सुटून गेल्यावर येतं. कारसाठी वेगाचा दंड कायद्यात १,००० ते २,००० रुपये आहे, म्हणजे एका दिवसाच्या भाड्यात सहज जाऊ शकतो. गाडी परत आली की ई-चलानच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा, ब्लॉक सोडण्याआधी पुन्हा एकदा बघा. त्यानंतर आलं तर चलानवरची तारीख, वेळ आणि फोटो करारासोबत ग्राहकाला पाठवा, खाली पेमेंट लिंक द्या. बहुतेक लोक भरतात, कारण फोटोपुढे वाद घालता येत नाही. शिवाय गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवत होतं याची माहिती पोलिसांनी मागितल्यास देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. हे करारात लिहिलेलं असलं की ग्राहकही गंभीरपणे घेतो.

नुकसान: इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. उपाय साधा आहे. दरपत्रक आधीच छापून ठेवा. बंपरचा चरा, आरसा, टायर, किल्ली हरवणे, प्रत्येकाची रक्कम. गाडी देताना त्यावर ग्राहकाची सही घ्या. चारही बाजूंचा व्हिडिओ ग्राहकासमोर काढा आणि त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. गाडी परत आल्यावर रक्कम कापायची असेल तर आधी त्याला आकडा दाखवा, लेखी होकार घ्या, मग कापा. हातात ब्लॉक आहे म्हणून मनाला येईल तेवढं कापायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही.

चार्जबॅक: गेलेला ग्राहक परत येतो, बँकेमार्फत

कार्डधारकाला एखादा व्यवहार मान्य नसेल तर तो आपल्या बँकेकडे तक्रार करू शकतो. त्याला चार्जबॅक म्हणतात. तक्रारीच्या बऱ्याच प्रकारांना १२० दिवसांपर्यंत मुदत मिळते. म्हणजे दिवाळीत दिलेल्या गाडीचा वाद फेब्रुवारीतही उभा राहू शकतो. तुमच्या बँकेकडून ईमेल येतो आणि ठरावीक दिवसांत उत्तर मागितलं जातं. उत्तर नाही दिलं तर रक्कम तुमच्या जमेतून वळती होते. तुम्ही बरोबर होता की चूक, हे कोणी विचारत नाही.

बरेच छोटे व्यावसायिक इथे हरतात. चूक त्यांची असते म्हणून नव्हे, कागद सापडत नाही म्हणून. त्यामुळे प्रत्येक बुकिंगची एक फाइल, मोबाइलमध्ये केली तरी चालेल. त्यात पाच गोष्टी हव्यात: सही केलेला करार, चार्ज स्लिप, देतानाचे आणि घेतानाचे फोटो, सही केलेलं दरपत्रक, आणि कापलेल्या रकमेचा हिशोब ग्राहकाच्या होकारासकट. नुकसान मोठं असेल तर गॅरेजचं अंदाजपत्रकही.

एक बारीक गोष्ट. चार्ज स्लिपचा कागद उष्णतेने छापणारा असतो. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा काउंटरच्या उन्हात पडून राहिला की अक्षरं उडतात. चार महिन्यांनी हातात कोरा कागद येतो. स्लिप निघाल्याबरोबर फोटो काढायची सवय लावा.

कार्ड कसं घेतलं यावरही निकाल ठरतो. चिप मशीनमध्ये घालून पिन टाकलेला व्यवहार ‘मी केलाच नाही’ असं म्हणून नाकारणं ग्राहकाला कठीण जातं. फोनवर नंबर विचारून हाताने टाकलेल्या व्यवहारात जोखीम तुमच्यावर येते. ५,००० रुपयांपर्यंतचं पेमेंट नुसतं कार्ड टेकवून, पिनशिवाय होतं. चहा-नाश्त्याला ते ठीक आहे. गाडीच्या व्यवहारात चिप आणि पिनच. गोव्यात किंवा विमानतळाजवळ काम करत असाल तर परदेशी कार्डं येतील. त्यांना आपल्या ओटीपीचा नियम लागू नसतो आणि काहींवर पिनऐवजी सही लागते. त्या स्लिपवर सही घ्या, पासपोर्टवरच्या सहीशी आणि नावाशी ताडून बघा. परदेशी कार्डांचं शुल्क साधारणपणे जास्त असतं, तो दर आधी विचारून ठेवा.

काउंटरवर ‘नाही’ म्हणायच्या पाच वेळा

‘कार्ड मित्राचं आहे, चालेल ना?’ नाही. करार ज्याच्या नावावर, लायसन्स ज्याचं, कार्ड त्याचंच. मित्र उद्या म्हणेल मी गाडी घेतलीच नव्हती, आणि तो खरंच बोलत असेल.

‘ऑनलाइन कार्डाने भरले होते, आता बुकिंग रद्द, पैसे या नंबरवर यूपीआय करा.’ नाही. रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर. चोरीच्या कार्डाचे पैसे रोख करून घेण्याची ही जुनी चाल आहे. तुम्ही यूपीआयने परत देता आणि महिन्याभराने खरा कार्डधारक चार्जबॅक टाकतो. रक्कम दोनदा जाते.

‘पन्नास हजार स्वाइप करा, मला रोख द्या, तुम्हाला वर दोन टक्के.’ नाही. गाडी न देता स्वाइप करणं म्हणजे खोटी विक्री दाखवणं. बँकेच्या लक्षात आलं की मशीन जातं, जमा रक्कम अडकते.

‘पैसे कापल्याचा मेसेज आला बघा, तुमच्या मशीनचं काहीतरी झालंय.’ मशीनवर ‘अप्रूव्ह्ड’ आलं नसेल तर पैसे मिळाले नाहीत असंच समजा आणि किल्ली देऊ नका. ग्राहकाला शांतपणे सांगा: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे अशी अडकलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. हे ऐकलं की ग्राहकाचाही जीव भांड्यात पडतो.

‘कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवतो, बुकिंग पक्कं करा.’ हे तुम्ही स्वतःहून तर कधीच मागू नका. मागच्या बाजूचा तीन आकडी सीव्हीव्ही लिहून किंवा फोटोत साठवून ठेवणं कार्ड सुरक्षेच्या नियमांविरुद्ध आहे. आधी पैसे हवे असतील तर पेमेंट लिंक पाठवा. लिंक देणारी कंपनी रिझर्व्ह बँकेच्या मान्यताप्राप्त पेमेंट अ‍ॅग्रिगेटरच्या यादीत आहे का, ते बँकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

‘कार्डाने दिलंत तर दोन टक्के जास्त’ अशी पाटी लावू का?

हा प्रश्न हमखास येतो. डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं धोरण स्पष्ट आहे, एमडीआर ग्राहकावर टाकता येत नाही. क्रेडिट कार्डासाठी तुमचा बँकेशी झालेला करार वाचा, त्यात सहसा मनाई असते. त्यापेक्षा भाडं ठरवतानाच हा खर्च आत धरा. २,५०० रुपये रोजावर ५० ते ६० रुपये कार्डाचा खर्च म्हणजे गाडी धुण्याच्या खर्चाइतकाच एक खर्च. गाडी धुण्याचे वेगळे पैसे आपण मागतो का?

आता तुमचा गृहपाठ

या आठवड्यात एवढं करा. बँकेत किंवा पेमेंट कंपनीला फोन करून तुमचा कॅटेगरी कोड विचारा. प्री-ऑथसाठी अर्ज द्या. डिपॉझिटचं वेगळं खातं उघडा. नुकसानीचं दरपत्रक छापा. करारात चार ओळी वाढवा: किती रक्कम अडवणार, कशासाठी कापणार, किती दिवसांत सोडणार, नंतर आलेलं चलान कोण भरणार.

मशीन येण्याआधी काउंटरवर बोलायचं वाक्य पाठ करा: ‘सर, तुमचं भाडं ७,५०० रुपये कापलं जाईल. आणखी १०,००० रुपये फक्त अडवले जातील, कापले जाणार नाहीत. गाडी परत आल्यावर टोल आणि चलान बघून इतक्या दिवसांत सोडतो. हे सगळं इथे लिहिलंय, एकदा वाचून सही करा.’ तीस सेकंद लागतात. या तीस सेकंदांत निम्मे वाद मिटतात, कारण मोबाइलवर १७,५०० चा मेसेज आल्यावर ग्राहक दचकत नाही.

स्कूटर भाड्याने देत असाल किंवा कॅमेरा, जनरेटर, मंडपाचं सामान, तरी गणित हेच. वस्तू महाग, भाडं लहान, आणि मधल्या दिवसांचा भरवसा डिपॉझिटवर. भाडं तुमचं आहे, ते कापा. डिपॉझिट ग्राहकाचं आहे, ते अडवा आणि वेळेवर सोडा. ज्याचं डिपॉझिट सांगितलेल्या दिवशी सुटतं, तो पुढच्या सुट्टीत दुसरीकडे चौकशी करत नाही, थेट तुम्हालाच फोन लावतो.

तुमच्या बँकेने प्री-ऑथबद्दल काय उत्तर दिलं ते खाली नक्की लिहा. कोणत्या अडचणी येतात ते बघून पुढच्या व्हिडिओत भाडेकराराचा नमुना ओळीने ओळ समजावून घेऊ.

धंदा करा, हिशोबाने करा!